कोणी राहिलं का

पनवेलच्या उरण नाक्यावर दादू भेटला तेव्हा दिनानाथ घरतच्या एका हातात हळदीची पुडी होती आणि दुसऱ्या हातात नारळांची पिशवी. दादू मिठाच्या रिकाम्या ट्रकच्या टपावर बसला होता, म्हणजे भेटला हे बोलण्यापुरतंच. एकानं खालून वर बघायचं, दुसऱ्यानं वरून खाली, एवढीच भेट. दादू त्याचा चुलतभाऊ, थोडा मोठा. गावाच्या टोकाला, खाडीच्या बांधावर झोपडी करून एकटा राहायचा आणि मिठागराची उघाडी सांभाळायचा. भरतीचं पाणी लागेल तेवढं आत घ्यायचं आणि मग दगडी खांबांच्या खाचांत फळ्या सोडून खाडीचं तोंड बंद करायचं, हे त्याचं काम. आधी ते त्याच्या बापाचं होतं. दिनानाथ शिकला नसता तर त्याचंही झालं असतं, आणि मग मुंबईच्या कॉलेजात गणित शिकवायला दुसरा कोणीतरी कंटाळलेला माणूस शोधावा लागला असता.

"काय रं दीनू, हलद घेतलीस?"

"घेतली."

"पोरीचा, वेनूचा, बरा झाला. जावाय रेल्वेत हाय ना? जगन सांगत व्हता. आनि काशिराम म्हनला, मटनाला पेनवरनं मानूस आनलाय. तो जरा तिखाट घालतो, सांगून ठेव. मांडव दोन अंगनांत घातलाय ता बरा केलास, भामा म्हनं का उन लय लागतो."

"हो, हो. मग दुपारीच ये, मांडवाला. हळदीपर्यंत थांबू नकोस."

दादूनं विडी ओठांच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. "अक्षत नाय आयली आमच्याकं," तो म्हणाला. आज नळाला पाणी आलं नाही असं सांगावं तसं म्हणाला. रागानं नाही, कुरकुरत नाही. एवढ्यात ड्रायव्हरनं गिअर टाकला, ट्रकनं सगळ्या नाक्यावर काळा धूर सोडला, आणि धूर विरला तेव्हा दादू कर्नाळ्याच्या सुळक्याकडे तोंड करून बसलेला एक ठिपका झाला होता.

अशा वेळी माणसाला लाज वाटायला हवी. ज्या घरी अक्षत गेली नाही त्या घराशी नातं तोडलं, असा गावात त्याचा सरळ अर्थ होता. अक्षतीशिवाय कोणी मांडवात पाऊल टाकत नसे, आणि पुढे मयतालाही येत नसे. दिनानाथच्या बापाच्या बाजूचा आता एकच माणूस उरला होता, तो दादू. आज हळद लागायच्या आत हे सावरलं नाही तर तोही गेला. हे सगळं दिनानाथला ठाऊक होतं. पण नाक्यावर, नारळाच्या शेंड्या पोटरीला टोचत असताना, त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाची. तिसऱ्या प्रकरणातली ती पायाभूत पायरी चूक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. लाज त्याच्यामागून, जरा वळसा घेऊन, एस.टी.त बसल्यावर आली. माणूस फार थकला की त्याच्या भावनाही शेवटच्या गाडीनं येतात.

प्रबंध चाळिशी उलटल्यावर सुरू झाला होता आणि पन्नाशी दिसू लागली तरी संपत आला नव्हता, तो या उन्हाळ्यात एकदाचा संपला. त्याच्याशिवाय विभागप्रमुखाची जागा मिळणार नव्हती, आणि ती मिळाली नाही तर कालपर्यंत त्याच्या वर्गात मागच्या बाकावर झोपणारा एक मुलगा परदेशातून येऊन त्याच्या डोक्यावर बसणार होता. सोमवारी पहाटे पनवेलहून एस.टी.नं मुंबईला जायचं, आठवडाभर दादरला एका मित्राच्या व्हरांड्यात झोपायचं, शनिवारी परत यायचं. या येण्याजाण्यात जेवढं डोकं शिल्लक राहील तेवढ्यावर तो प्रबंध लिहिला होता. विषय सांगायला सोपा होता आणि म्हणूनच कोणाला सांगता येत नसे. टोपॉलॉजी नावाचं शास्त्र आहे. त्यात अवकाश असतात, अवकाशांत बिंदू असतात, आणि एका अवकाशातून दुसऱ्यात नेणारी सतत चित्रणं असतात. सतत म्हणजे काय, तर जवळच्यांना जवळच ठेवणारी. शेजाऱ्यांची ताटातूट न करणारी. असं चित्रण सगळीकडे पोचतं का, दोन बिंदूंना एकावर एक डांबतं का, हे पूर्वीचे लोक आत वाकून बिंदू बिंदू तपासून ठरवायचे. आता कॅटेगरीची नवी भाषा आली होती. तिचं म्हणणं, आत वाकायचंच नाही. बिंदूंचं नाव काढायचं नाही. कोण कोणाकडे जातो, कोणाकडून येतो, एवढे बाण बघायचे. चित्रणाचा गुण त्याच्या पोटात नसतो, त्याच्या येण्याजाण्यात असतो.

"म्हणजे नाव न घेता सगळं सांगायचं?" बायकोनं, सत्यवतीनं, एकदा भाकऱ्या थापता थापता विचारलं होतं.

"हो."

"मग त्यात नवीन काय केलं त्यांनी? मी लग्न झाल्यापासून दुसरं काय करते? वेणूचे बाबा, आईंचा मुलगा, कॉलेजवाले. एकदा तरी तुमचं नाव घेतलंय का? आणि कोणाला कधी शंका आली का, कोणाबद्दल तक्रार चाललीये?"

दिनानाथनं हे आपल्या मार्गदर्शकांना सांगायचं ठरवलं होतं, पण मार्गदर्शकांना विनोद सांगायचा तर आधी वेळ मागून घ्यावी लागे. सत्यवतीला त्यानं आणखी एक उदाहरण दिलं. अवकाश एकसंध आहे की दुभंगलेला, हे आत न बघता कसं ओळखायचं? तर दूर कुठेतरी दोनच बिंदूंचं एक गाव वसवायचं. एक बिंदू होय, एक नाही, मध्ये रस्ता नाही. आपल्या अवकाशातून त्या गावाला जाणारं कुठलंही सतत चित्रण सगळ्यांना एकाच बिंदूवर नेऊन टाकत असेल, तर अवकाश एकसंध. कुठलाही प्रश्न विचारा, सगळ्यांचं उत्तर एकच. "हे तर आपलं घर," सत्यवती म्हणाली, "आईंनी होय म्हटलं की सगळ्यांचं होय." आणि तव्यावरची भाकरी उलटली.

आईंनी, म्हणजे ठमाबाईंनी, वेणूचं लग्न पनवेलला हॉलमध्ये न करता गावाला करायचं म्हटलं, आणि सगळ्यांचं होय झालं. तेही बरंच होतं. अन्नधान्याच्या तंगीपायी सरकारनं पाहुण्यांवर मर्यादा घातली होती, आणि गावानं सरकारवर. पण म्हातारीचा दुसराही एक हुकूम होता. अक्षत घरोघर, चुलीचुलीला, यजमानानं स्वतःच्या हातानं द्यायची. "बापूस गेलता तुजा, त्याचा बापूस गेलता. एकेका उंबऱ्यावर उभा ऱ्हायचा, नाव घ्यायचा, हातावर अक्षत ठेवायची, म्हनायचा येवा. पाय तुटलं तरी." दिनानाथचे पाय तुटायची वेळ आली नव्हती, पण टायपिंग तपासायची आली होती. त्यानं बाणांची पद्धत काढली. वरच्या आळीची अक्षत जगनकडे दिली, खालच्या आळीची काशिरामकडे. दोघेही जबाबदार माणसं, दोघांचेही पाय धट्टेकट्टे. आणि काम झालं की नाही हे तपासायची त्याची पद्धत तर फारच सुबक होती. तो घरोघर गेला नाही. गावातून बाजाराला आलेल्या प्रत्येकाला त्यानं गाठून विचारलं, कोणी राहिलं का? वरच्या आळीनं सांगितलं, कुनी नाय. खालच्या आळीनं सांगितलं, कुनी नाय. बांधाच्या जवळची घरं म्हणाली, आमच्या आजूबाजूला कोणीच राहिलं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच. दादूची झोपडी वरच्या आळीत नव्हती आणि खालच्याही आळीत नव्हती. दोन्ही आळ्या जिथे संपत जातात त्या टोकाला, बांधावर होती. जगनला वाटलं काशिराम देईल. काशिरामला वाटलं जगननं दिली. आणि दादूला कोणी विचारलं नाही, कारण त्याच्या भोवतालच्या सगळ्यांचं एकमत असताना त्याला वेगळं विचारायची गरजच काय होती?

तिसऱ्या प्रकरणात हेच होतं. एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून दिनानाथनं ते पुन्हा मनात वाचलं. चित्रण सगळ्या बिंदूंपर्यंत पोचलं की नाही हे बिंदूंना न विचारता ठरवायचंय. तर दोन तपासनीस पाठवा. चित्रण जिथे जिथे पोचलं, तिथे तिथे दोघांचा अहवाल सारखा आला, आणि तेवढ्यावरून उरलेल्या सगळ्या अवकाशातही तो सारखाच यायला बांधलेला असेल, कुठल्याही दोन तपासनिसांना कुठेच वेगळं लिहिता येणार नसेल, तर चित्रण सगळीकडे पोचलं. काही राहिलंच नाही. त्यानं हे लिहिलं होतं आणि खाली सिद्ध झालं म्हणून चौकोन काढला होता. आणि ते चूक होतं. त्याचे अवकाश सभ्य होते. त्यात कुठल्याही दोन बिंदूंना आपापलं कुंपण होतं, कोणी कोणाच्या अंगणात नव्हतं. अशा सभ्य वस्तीत एखादा बिंदू राहून गेला, पण त्याच्या अगदी अंगाला लागून सगळीकडे चित्रण पोचलेलं असलं, तर तपासनिसांना तो कधीच सापडत नाही. शेजाऱ्यांचा अहवाल जिकडे जातो तिकडेच त्याला जावं लागतं. त्याला स्वतःचं मत उरतच नाही. रेघ घ्या, तिच्यातला एक बिंदू उपटून टाका, बाहेरून कोणाच्याही लक्षात येणार नाही. सिद्ध एवढंच होतं, की चित्रण सगळ्यांच्या जवळ पोचतं. हवं तितकं जवळ. जवळ पोचणं आणि पोचणं या दोन गोष्टी आहेत, हे तो एफ.वाय.च्या पोरांना दरवर्षी सांगत आला होता आणि पोरं दरवर्षी ते लिहून घेत आली होती.

मार्गदर्शकांच्या नजरेतून हे कसं सुटलं, याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी दुसरं प्रकरण वाचलं होतं आणि चौथं वाचलं होतं. दोन्ही बरी होती. तेवढ्यावरून तिसरं बरं असायला बांधलेलंच होतं.

गावात उतरल्यावर तो सरळ बांधाकडे निघणार होता, पण लग्नघरच्या यजमानाला सरळ कुठे जाता येतं? मांडवात शिरताच ठमाबाईनं त्याच्या हातातली हळद ओढून घेतली. "ही येल झाली?" मग जावयाकडच्या एका मामांना पाणी द्यायचं होतं, मग त्या मामांना दुसऱ्या मामांपासून लांब बसवायचं होतं, मग पेणचा आचारी भांडी लहान पडली म्हणून रुसून बसला होता. दिनानाथला या सगळ्याचा शीण येत होता, तसा तो रोजच येई. आज फक्त त्याच्या शिणाला पाहुणे होते. कोपऱ्यात वेणू मैत्रिणींच्या गराड्यात बसली होती. हिरव्या चुड्यानं हात जड झाल्यासारखे तिनं ते मांडीवर ठेवले होते. तिनं बापाकडे बघून ओठांनीच विचारलं, काय झालं? त्यानंही ओठांनीच सांगितलं, काही नाही.

जगन आणि काशिराम चुलीपाशी एकाच बाकावर बसलेले सापडले.

"दादूकडे अक्षत कोणी दिली?"

"यानी," जगन म्हणाला.

"मी?" काशिराम म्हणाला. "बांध तुमच्या आलीत येतो."

"बांध कवापासनं आमच्या आलीत? उघारी तुमच्या आंगाला."

"उघारी कुनाच्याच आंगाला नाय, दादा, ती खारीच्या आंगाला हाय."

हा वाद कदाचित त्यांच्या आजोबांपासून चालत आला असावा. दिनानाथनं देवापुढच्या ताटातली मूठभर अक्षत सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघाला. निघताना त्याला कोणी हटकलं नाही. यजमान मागच्या बाजूनं गेला म्हणजे कामालाच गेला असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

बांधावर ऊन पांढरं होतं. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला मिठागराचे चौकोन, पार क्षितिजापर्यंत. काहींत मीठ धरून पापुद्रा आलेला, काहींत ओढून ढीग लावलेले. वैशाखातलं शेवटचं मीठ. पाऊस यायच्या आत ते उचललं की वर्ष सुटलं. लहानपणी तो आणि दादू याच बांधावरून पळायचे. टाचांना मिठाच्या भेगा पडायच्या आणि रात्री त्या चुरचुरायच्या. शाळेत पहिल्यांदा भूमिती आली तेव्हा दिनानाथला हे चौकोन आठवले होते आणि बरं वाटलं होतं. पुढे त्याला असं गणित आवडू लागलं ज्यात चौकोनाचे कोन मोजत नाहीत, लांबीरुंदी विचारत नाहीत, चौकोन ताणून गोल केला तरी तोच मानतात. त्यानं ते का निवडलं, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. टाचा चुरचुरत नाहीत असं काहीतरी त्याला हवं होतं, एवढंच असेल.

समोरून भामा येत होती, ठेवणीतलं लुगडं वर खोचून, पायताणं हातात घेऊन. तिचं घर बांधाला सगळ्यात जवळचं.

"आवो, तुमी हिकरं कनाला? मांडवान कोन मंग?"

"दादू आहे ना झोपडीत?"

"दादू? तो आताच गेला. मांडवानच गेला, मिठागरातल्या वाटंनं. पोरांनी खेचून नेला. मी म्हनलू, अवो जावा, सगला गाव चाललाय, तुमी यकटंच काय करता."

दिनानाथ थांबला. "अक्षत नव्हती त्याला."

"नव्हती?" भामा खरोखरच चकित झाली. "आमाला वाटला, आसंल."

"आणि उघाडीवर कोण आहे?"

"कोनतरी आसंल," भामा म्हणाली.

या वाक्याचं गणितात एक चिन्ह आहे, उलटा ई. असा एक तरी आहे की. ते चिन्ह लिहिलं की पुढे तो कोण हे सांगावं लागत नाही. पुष्कळ सुंदर सिद्धता त्याच्यावर उभ्या आहेत. दिनानाथनं खाडीकडे पाहिलं. पुनव होऊन गेली होती, पण उधाणाचा जोर उतरला नव्हता. पाणी तिवराच्या झाडांच्या गळ्याशी आलं होतं आणि चढत होतं.

तो पळाला. सत्तेचाळीस वर्षांचा, नव्या धोतरातला माणूस बांधावरून पळताना कसा दिसतो हे बघायला भामाशिवाय कोणी नव्हतं, आणि ती लग्नाच्या घाईत होती. उघाडीवर खरंच कोणी नव्हतं. खालच्या फळ्या खाचांत बसलेल्या होत्या, वरच्या बांधावर पडलेल्या, आणि मधल्या फटीतून खाडी आत शिरत होती, काही घाई नसल्यासारखी. आतली साठवणीची कोंडी काठापर्यंत आली होती. आणखी हातभर पाणी चढलं की ते धरलेल्या मिठावर पसरणार आणि सगळ्या चौकोनांचं पुन्हा पाणी होणार. दिनानाथनं धोतर खोचलं. हात काय करायचं ते विसरले नव्हते, याचा त्याला राग आला. एकेक फळी उभी उचलायची, खाचेत धरायची, पायानं दाबायची. दोन फळ्या बसल्या. शेवटची, सगळ्यात वरची, उन्हानं पिळवटली होती. ती बसे आणि पाणी तिला परत वर उचले. तिच्यावर ठेवायला दादूचा एक दगड असे, लहानपणापासून तोच. दिनानाथनं इकडेतिकडे पाहिलं.

"भामे, दगड कुठाय इथला?"

"चुलीला नेलान! पेनवाल्यानी मोठं दगर मांगलं," भामा लांबून ओरडली.

दगडसुद्धा लग्नाला गेला होता. दिनानाथ फळीवर बसला. फळी खाली गेली, पाणी थांबलं. तो उठला, फळी वर आली. तो पुन्हा बसला.

"कोणाला तरी पाठव!" तो ओरडला.

"सगल्यांना सांगतू!" भामा म्हणाली, आणि गेली.

सगल्यांना, हे ऐकून त्याला कळलं की कोणी येणार नाही. ती खरंच सगळ्यांना सांगेल. सगळे ऐकतील, प्रत्येकाला वाटेल दुसरा निघालाच असेल, आणि चुलीपाशी जगन काशिरामला म्हणेल, उघारी तुमच्या आंगाला. भरती ओसरायला लागेपर्यंत इथे बसणं भाग होतं. फळीच्या फटींतून बारीक चिळकांड्या येत होत्या आणि धोतराचा सोगा त्यात भिजत होता. खाऱ्या पाण्याचा वास लहानपणी कसा वाटायचा ते त्याला आठवेना. आता तो फक्त दमल्याचा वास वाटत होता.

थोड्या वेळानं वारा फिरला आणि मांडवाचा आवाज आला. आधी ताशा, मग तो थांबून गुणाबाईचा आवाज. गुणाबाई धवलारीण, गाण्यांनी लग्न लावणारी. भटजी येतो तो घाईत असतो, पण गुणाबाईनं धवले गायल्याशिवाय या गावात लग्न झालं असं कोणी धरत नसे. ती देवांना आमंत्रण करत होती. गावदेवीला, डोंगरावरच्या एकवीरेला, वेशीवरच्या वेताळाला, खाडीतल्या कोणा जुन्या बुडालेल्या देवाला. एकेकाचं नाव, त्याचं ठिकाण, मग येण्याचा आग्रह, मग पुढचा. कंटाळवाणं होतं. एकच चाल, एकच ओळ, नुसतं नाव बदलायचं. दिनानाथला लहानपणी हे ऐकता ऐकता झोप लागायची. जगातली सगळ्यात थकवणारी पद्धत ही, त्याला वाटलं. कुठे काही वाचवणं नाही, एका नावावरून दुसरं आपोआप येत नाही, प्रत्येकाच्या दारी पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं. कॅटेगरीवाल्यांनी ही म्हातारी ऐकली असती तर दुसऱ्या देवालाच उठून गेले असते. मग तिनं पितरांची नावं घेतली, त्याच्या आजाचं, बापाचं. आणि मग यजमानाचं, दिनानाथाचं. नावापाशी गाणं किंचित थांबतं, यजमानानं पुढे येऊन हात जोडायचे असतात म्हणून. ते थांबलं. फळीखाली पाणी एकदा जोरात धडकलं. दिनानाथनं, तिथेच बसल्या बसल्या, हात जोडले. गाणं पुढे सुरू झालं.

म्हणजे कोणीतरी पुढे आलं असणार, किंवा आलं नसणार आणि कोणी पाहिलं नसणार. सत्यवतीला वाटत असेल तो चुलीपाशी आहे. चुलीपाशी वाटत असेल तो पाहुण्यांत आहे. पाहुण्यांना वाटत असेल, यजमान आत आहे. कुठलेही दोन तपासनीस पाठवा. मांडव भरला होता, एकसंध होता, काही राहिलं नव्हतं. त्याला वाईट वाटावं अशी ही जागा होती आणि त्यानं तशी तयारीही केली, पण वाटलं ते निराळंच. इथे बसल्या बसल्या तिसऱ्या प्रकरणाचं काय करायचं हे त्याला दिसत होतं. पोचतं काढून जवळ पोचतं लिहायचं. मग त्यावर टेकलेलं चौथं प्रकरण पडतं, पाचव्याचं अर्धं राहतं. टायपिंगवालीकडे पुन्हा जायचं. विभागप्रमुखाच्या खुर्चीत मागच्या बाकावरचा तो मुलगा बसेल आणि सर, बसा ना, असं म्हणेल. किंवा काहीच करायचं नाही. बाहेरून कोणाला कळणार होतं? परीक्षक आजूबाजूचं वाचतील. हाही एक मार्ग होता, आणि चांगला रुळलेला होता. पण मग ही शेवटची फळी उचलून आपणही मांडवात जायला हरकत नव्हती. तो फळीवरून हलला नाही. यात मोठेपणा काही नव्हता. उठायचाही कंटाळा आला होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा पाणी फळीखाली सैल पडलं. आधी चिळकांड्या बंद झाल्या, मग फळीनं वर ढकलणं सोडलं. तिवरांच्या मुळाशी चिखलाची पहिली काळी रेघ दिसू लागली. तेवढ्यात मिठागरातल्या वाटेनं दादू आला. चालताना जरा झुलत होता. कपाळाला, दोन्ही गालांना हळद फासलेली, सदऱ्यावर रश्श्याचा डाग. दिनानाथला उघाडीवर बसलेला बघून तो थबकला, आणि मग आधी पाण्याकडे, मग कोंडीकडे, मग मिठाकडे बघितलं. मीठ होतं तसं होतं.

"तू हितं? मना वाटला तू तिकरं."

"मला वाटलं तू इकडे."

"व्हतू," दादू म्हणाला. "मंग सगलं चाललं व्हतं."

"हळद लागली?"

"लागली ना. पोरगी रडली थोरी, मंग हसली. तुना बघत व्हती, म्हातारी म्हनली, आसंल हिकरंच." तो बांधावर टेकला, विडी काढली, पेटवायचं विसरला. "फली वर येते ती. दगर पायजे तिच्यावर."

"दगड चुलीला गेला."

"तरीच म्हनलू, चुलीतला दगर वलखीचा दिसतो."

खाडी आता उलटी वाहत होती. दिनानाथनं ओल्या खिशात हात घातला. अक्षत भिजून तिचा गोळा झाला होता, कुंकवानं बोटं लाल झाली. तो फळीवरून उठला. फळी वर आली नाही. उभं राहताना गुडघे वाजले, धोतर पायांना चिकटलं होतं. तो दोन पावलं चालून दादूच्या समोर आला आणि बाप उभा राहायचा तसा उभा राहिला. इथे उंबरा नव्हता, पण समजा आहे.

"दादू महादू घरत," तो म्हणाला. आवाज वर्गात लागतो तसा लागला, मग खाली आला. "आमच्या वेणूचं लग्न आहे. तू ये."

दादूनं हात पुढे केला. ओला गोळा तळव्यावर घेतला, त्याच्याकडे नीट बघितलं, मूठ मिटली आणि ती कपाळाला लावली; तिथली हळद मुठीला लागली.

"जेवून आयलू मी," तो म्हणाला.